थांबवण्याचा अधिकार

‘पुणेकराला चालायची शिस्त नाही. आधी ती लावा, मग समित्या काढा.’ एका निवृत्त अभियंत्यांनी भर सभेत हे वाक्य टाकले आणि टाळ्या मिळवल्या. शहरासाठी पादचारी सुरक्षा सल्लागार समिती नेमावी की नाही, यावर ती सभा होती. त्यांचे म्हणणे असे, की पादचारी पूल बांधून दिले, भुयारी मार्ग काढून दिले, तरी माणसे दुभाजक ओलांडूनच जातात. अशांचे प्रतिनिधी समितीत बसून इंजिनिअरला काय सांगणार? पाठोपाठ उठलेल्या एका कार्यकर्त्याने समितीला दुसऱ्या बाजूने मोडीत काढले. सल्लागार समितीचे इतिवृत्त लिहिले जाते आणि फाइल बंद होते, वेळ घालवू नका, सरळ कोर्टात जा. मला दोघांचेही पटले नाही. कार्यकर्त्याशी वाद घालता येतो. अभियंत्यांचे विधान मात्र चीड आणणारे आहे, कारण ते चुकीचे आहे आणि ते खरे मानून बांधलेल्या रस्त्यांवर माणसे मरतात.

पुलाचाच हिशेब करू. खालून ट्रक आणि बस जायच्या म्हणून साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. वरच्या स्लॅबची जाडी धरली, की चालणाऱ्याला साधारण 6 मीटर चढायचे असते. 15 सेंटिमीटरच्या पायरीने 40 पायऱ्या वर आणि 40 खाली. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या, गुडघे धरलेल्या बाईने दोन मजले चढून उतरायचे, ते कशासाठी? तर गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवावा लागू नये म्हणून. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने काय करायचे, हा प्रश्न तर नकाशा काढताना कुणाला पडलेलाही नसतो. तीच गोष्ट सिग्नलची. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वेळ काढताना चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 18 मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने 15 सेकंदांत पार होतो. सत्तरीतला माणूस सेकंदाला 0.8 मीटरने चालत असेल तर त्याला साडेबावीस सेकंद लागतात. उरलेले साडेसात सेकंद तो कुठे असतो? रस्त्याच्या मध्यावर, सुटलेल्या गाड्यांसमोर. आणि मग आपण म्हणतो, म्हाताऱ्यांना सिग्नल कळत नाही.

आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन 2021 मध्ये कोविडने गेले. आयुष्यभर ते सांगत राहिले, की प्रबोधनाने अपघात कमी होत नाहीत. रस्त्याची रचना आणि गाड्यांचा वेग बदलला की होतात. ताशी 30 किलोमीटरच्या जागी 50 ने येणारी गाडी जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा घेऊन अंगावर येते, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. 2022 या एका वर्षात देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. रोज नव्वद. हा आकडा केंद्र सरकारच्याच अहवालातला आहे. एवढी माणसे बेशिस्तीने मेली असे म्हणणाऱ्याने बेशिस्तीला देहदंडाची शिक्षा असावी का, याचेही उत्तर द्यावे.

आता समितीकडे. लोकसहभागाबद्दल बोलताना मला नेहमी शेरी आर्नस्टीनकडे जावे लागते. आपल्याकडे नगररचनेच्या विद्यार्थ्यांपलीकडे तिला फारसे कोणी वाचत नाही, याचे मला वाईट वाटते. अमेरिकेच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यात ती नागरी सहभागाची सल्लागार होती. मोडकळीला आलेल्या वस्त्यांच्या योजनांमध्ये गरीब लोकांना ‘सहभागी’ करून घेतात म्हणजे नेमके काय करतात, हे तिने आतून पाहिले आणि 1969 मध्ये एका लेखात आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत वरच्या पायरीवर नागरिकांचे स्वतःचे नियंत्रण. मध्ये माहिती देणे, मते मागवणे, चुचकारणे. तळाशी दोन पायऱ्या, ज्यांना ती सहभाग मानायलाच तयार नाही. अगदी खालची पायरी म्हणजे हातोहात वापरून घेणे, आणि तिथे तिने चक्क सल्लागार समित्याच बसवल्या आहेत: आधीच ठरलेल्या निर्णयावर शिक्का मारायला जमवलेली माणसे. कार्यकर्त्याचा जो आक्षेप आहे तो असा सत्तावन्न वर्षांपूर्वी, त्याच्यापेक्षा कठोर शब्दांत, मांडून झालेला आहे.

पण मला थांबवते ती दुसरी पायरी. तिला आर्नस्टीन उपचार म्हणते. या पायरीवर सत्ता लोकांना रोगी मानते. घर गळते त्याबद्दल बोलायला आलेल्या माणसाला स्वच्छतेचे धडे देतात. दोष त्याच्यात आहे, तो सुधारला की सगळे सुधारेल, असे त्याच्या गळी उतरवतात. तिच्या मते हे उद्धटपणाचे तर आहेच, शिवाय लबाडीचे आहे. आपल्या शहरांत दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. शाळेतल्या मुलांच्या हाती फलक देऊन त्यांना चौकात उभे करतात. ती मुले रोज ज्या रस्त्याने शाळेत येतात त्याला फूटपाथ आहे का, हे कोणी विचारत नाही. निवृत्त अभियंत्यांना हवी असलेली शिस्त ती हीच. सल्लागार समिती नको म्हणताना ते समितीपेक्षा वरच्या पायरीवर उभे आहेत असे त्यांना वाटते. आर्नस्टीनच्या शिडीवर ते तळापासून दुसऱ्या पायरीवर आहेत.

तिचे वाचून झाल्यावर कोणीही म्हणेल, मग सल्लागार हा शब्दच काढा, समितीला पूर्ण सत्ता द्या, शहरातल्या प्रत्येक फूटपाथचा निर्णय चालणाऱ्यांच्या हाती द्या. मीही बराच काळ हेच म्हणत आलो. आता म्हणत नाही, आणि त्याचे कारण आर्नस्टीनच्या शिडीतच आहे. त्या शिडीवर एका बाजूला सत्ताधारी आणि दुसऱ्या बाजूला वंचित, असे दोनच पक्ष आहेत. आपण दोनच टोके घेतली हे ती स्वतः मान्य करते. रस्त्यावर मात्र चालणारा कोण? सकाळी फिरायला जाणारा सोसायटीचा अध्यक्षही चालणारा आहे. त्याच फूटपाथवर पथारी टाकून केळी विकणारी बाईही तिथवर चालतच येते. अशा समित्यांवर कोण बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको: ज्यांना दुपारी तीनच्या बैठकीला यायला वेळ आहे, ज्यांना इंग्रजी सादरीकरण वाचता येते, ज्यांचे साहेबांशी बोलणे आहे. त्यांच्या हाती पूर्ण सत्ता दिली तर पहिला ठराव पथारी व्यावसायिकांना हटवण्याचा होईल. फूटपाथवर चढवून लावलेल्या चारचाक्यांचा ठराव पुढच्या बैठकीत येईल, कारण त्यातल्या काही गाड्या सदस्यांच्याच असतील.

हा पेच आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता, 1985 मध्ये, ओल्गा टेलिस खटल्यात. मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना पावसाळ्यात हाकलायला सरकार निघाले होते. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम 21 चा भाग आहे. आणि फूटपाथ सर्वांच्या ये-जा करण्यासाठी आहे, तो अडवून राहण्याचा हक्क कोणाला नाही. महापालिकेच्या कायद्यात अतिक्रमण नोटिशीविना काढण्याची मुभा होती. न्यायालयाने ती उडवली नाही, पण एरवी आधी म्हणणे ऐकून घेतले पाहिजे असा तिचा अर्थ लावला, आणि पावसाळा सरेपर्यंत झोपड्या पाडू नका असे बजावले. बरोबर चाळीस वर्षांनी, मे 2025 मध्ये, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने मोकळा, चालता येईल असा फूटपाथ हादेखील त्याच कलम 21 मधला हक्क असल्याचे सांगितले. एकाच कलमातून विकणाऱ्याचे पोट निघते आणि चालणाऱ्याची वाटही. या दोघांना एकमेकांच्या अंगावर घालणारी कोणतीही समिती त्या कलमाचा अर्धाच भाग वाचते.

पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे. त्याखालच्या शहर समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. अंमलबजावणी रडतखडत आहे, मान्य. पण कागदावर तरी त्यांचे स्थान आहे. आणखी एक उदाहरण फूटपाथवरच उभे आहे: झाड. महाराष्ट्रात 1975 पासून झाडांच्या जतनाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. रस्त्यातले झाड तोडायचे तर त्या झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहीर करावे लागते, हरकती मागवाव्या लागतात. या नोटिशीमुळे पुण्यात आणि मुंबईत कित्येक झाडे वाचली, कित्येक वाचली नाहीत, पण चोरून तोडणे अवघड झाले. त्याच झाडाखालचा तीन मीटरचा फूटपाथ रस्तारुंदीकरणात दीड मीटरचा होतो तेव्हा कोणतीही नोटीस लागत नाही. एका सकाळी जेसीबी येतो आणि संध्याकाळी वाट गेलेली असते.

म्हणून माझे म्हणणे आता असे आहे: या समितीला थांबवण्याचा अधिकार द्यावा, हटवण्याचा देऊ नये. फूटपाथ कमी होणार असेल, झेब्रा क्रॉसिंग पुसून दुभाजक सलग होणार असेल, चौकातला पादचारी सिग्नल बंद होणार असेल, तर जागेवर नोटीस, 30 दिवसांची मुदत आणि समितीपुढे सुनावणी. समितीने लेखी हरकत घेतली तर आयुक्तांनी लेखी कारण दिल्याशिवाय काम पुढे जाऊ नये. एवढेच. पथारीवाल्यांना कुठे बसवायचे ते त्यांच्या समितीने ठरवावे, आणि त्यांचे दोन प्रतिनिधी या समितीतही असावेत.

दुसरा अधिकार बिल थांबवण्याचा. हा मला एक काम जवळून पाहताना सुचला. नव्या फूटपाथवर दृष्टिहीनांसाठी पिवळ्या फरश्या बसवत होते. त्यांच्यावरच्या उभ्या रेघा सांगतात पुढे चला, गोल उंचवटे सांगतात थांबा, इथे काहीतरी आहे. कारागीर निष्णात होता. ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणाभोवती त्याने ग्राइंडरने फरशी इतकी सुबक कापली की मधे नख जाणार नाही. आणि रेघांची ती फरशी त्याने तशीच पुढे नेली, विजेच्या डीपीच्या पत्र्याला भिडेपर्यंत. रेघांवरून काठी टेकवत येणारा माणूस सरळ त्या पेटीवर आपटला असता. कारागिराला विचारले, तर तो म्हणाला, लाइन अशीच दिलीय. ठेकेदाराचे बिल चौरस मीटरवर निघते, कडेच्या दगडांचे रनिंग मीटरवर. मोजमाप पुस्तकात ‘वाट सलग आहे’ असा रकानाच नसतो. पैसे फरशीचे मिळतात, चालता येण्याचे मिळत नाहीत.

तेव्हा अंतिम बिल निघण्याआधी समितीतल्या तिघांनी ते काम चालून पाहावे: एक चाकाच्या खुर्चीवर, एक पांढऱ्या काठीने, एक लहान मूल कडेवर घेऊन. आणि ते संध्याकाळी सात वाजता पाहावे, जेव्हा दुकाने उघडी असतात आणि दुचाक्या वर चढलेल्या असतात. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते, की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि फूटपाथची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. दुचाक्या अडवायला लावलेले खांब इतके जवळ असतात की चाकाची खुर्चीही अडते. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी फूटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणून माणसे तो सोडून रस्त्यावरून चालतात. हे सगळे तिघांना शंभर मीटरमध्ये कळते.

कार्यकर्त्याला आता उत्तर देतो. कोर्टात गेल्याने हक्क मिळतो, हे खरे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम 138(1अ) आणि 210डी खाली पादचाऱ्यांसाठी आणि रस्त्यांच्या मानकांसाठी सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. पण कोणताही न्यायाधीश डीपीपुढे येऊन उभा राहू शकत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ मध्ये सदोष रस्त्याबद्दल अधिकारी आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती कोणी मेल्यावर किंवा अपंग झाल्यावर लागू होते. मला त्याआधीचा टप्पा हवा आहे. आणि धोरणांची तर कमतरता नाही. पुणे महापालिकेने 2016 मध्येच पादचारी धोरण मंजूर केले. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला, आणि त्या दिवशी रस्त्याच्या मधून निवांत चालणारी म्हातारी माणसे पाहून मला खरोखर भरून आले होते. दुसऱ्या दिवशी गाड्या परत आल्या. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत तर शहरात तक्रार न्यायला नगरसेवकही नव्हता.

आता सभागृह आहे. बिलाची अट घालायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण निविदेच्या अटी महापालिका स्वतः ठरवते: अंतिम बिलासोबत पायी तपासणीचा अहवाल, त्यावर तिघांच्या सह्या, आणि दोष दुरुस्त होईपर्यंत ठरावीक रक्कम रोखून ठेवणे. जागेवरच्या नोटिशीची सक्ती राज्याने 210डी च्या नियमांत करावी. सदस्यांची मुदत दोन वर्षे, दुसऱ्यांदा नेमणूक नाही, निम्म्या स्त्रिया, अपंगांच्या संघटनांनी स्वतः निवडलेले सदस्य, आणि ज्यांचा रोजगार बुडतो त्यांना बैठकीचा भत्ता. बैठका क्षेत्रीय कार्यालयांत आळीपाळीने, संध्याकाळी. पहिल्या वर्षी शाळा आणि सरकारी दवाखान्यांच्या पाचशे मीटरच्या आतले रस्ते घ्यावेत. तिथे चालणाऱ्यांना दुसरा रस्ता निवडायची सोय नसते.