आजचं चिंतन (गीता ६.३२): गारा कोणावर पडल्या?



मार्चमधली गोष्ट. नागपूरहून मामांकडे काटोलला निघालो होतो. कळमेश्वरच्या पुढे वादळ आलं, गारा सुरू झाल्या. गाडी पेट्रोलपंपाच्या छताखाली घेतली. मनात एकच: देवा, काच फुटू देऊ नको. दहा मिनिटांत सगळं शांत. हात जोडले, ‘देवाने वाचवलं!’

काटोलला पोहोचलो, तर मामांच्या संत्राबागेत आंबिया बहार मातीत पडलेला. बोराएवढी फळं, पानं, गारा, सगळं एकत्र. मामा बांधावर उभे. मला बघून म्हणाले, “आला का बाबू? लागलं-गिगलं नाही ना?”

मी गप्पच झालो. वर्षाचं पीक गेलेला माणूस माझी चौकशी करत होता. आणि मी? काचेपलीकडे माझी प्रार्थना गेलीच नव्हती.

भगवंत सांगतात, दुसऱ्याचं सुख-दुःख जो आपल्यासारखंच जाणतो, तो श्रेष्ठ योगी. हा श्लोक ध्यानयोगाच्या अध्यायात आहे. म्हणजे ध्यानाची परीक्षा डोळे उघडल्यावर असते!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. मामांसोबत बागेत फिरून पंचनाम्यासाठी फोटो काढले. तीच त्या दिवशीची पूजा.

आज ‘देवाने मला वाचवलं’ म्हणाल, तेव्हा एक फोन नक्की करा: “तुमच्याकडे कसं आहे?”

श्रीकृष्णार्पणमस्तु.