धूर कुणाच्या नावावर?

जमिनीला सातबारा असतो, फ्लॅटला इंडेक्स टू असतो. धुराला काहीच नसतं. चिमणीतून बाहेर पडला की तो सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. गेली वीस-पंचवीस वर्षं या धुराचाही सातबारा तयार करायची खटपट चालली आहे आणि माझं पोट त्याच खटपटीवर चालतं. कंपन्या वर्षाला किती हरितगृह वायू सोडतात याचा हिशोब मांडून देणं हे माझं काम. नातेवाइकांनी विचारलं की ‘पर्यावरणाचं ऑडिट’ असं सांगून मी मोकळी होते.

यातलं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे सरासरी ०.७ किलोच्या आसपास. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं. जुन्या एसीतला आर-२२ गॅस एक किलो गळाला, तर तो पावणेदोन-दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. लाईट बिलं, डिझेलची वही, एसीवाल्याची पावती आणि गुणाकार. घोळ त्यानंतर सुरू होतो. आलेला आकडा लिहायचा कुणाच्या नावावर?

यासाठी एक नियमावली आहे, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. अमेरिकेतली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांची एक आंतरराष्ट्रीय परिषद यांनी ती २००१ मध्ये आणली. तिने धुराचे तीन कप्पे केले. तुमच्या भट्टीत, तुमच्या जनरेटरमध्ये, तुमच्या ट्रकमध्ये जळलं ते स्कोप १. तुम्ही वीज विकत घेतलीत आणि ती बनवताना दुसरीकडे कोळसा जळला, ते स्कोप २. बाकीचं सगळं, म्हणजे विकत घेतलेलं स्टील, भाड्याचे ट्रक, कामगारांच्या दुचाक्या, विकलेल्या वस्तूचा पुढचा वापर, हे स्कोप ३. या शेवटच्या कप्प्यात पंधरा प्रकार आहेत आणि बहुतेक कंपन्यांचा बहुतेक धूर तिथेच सापडतो.

आता एक उदाहरण. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचे स्वतःचे ट्रक होते. ते तिने एका ट्रान्सपोर्ट कंत्राटदाराला विकले आणि त्याच्याकडूनच भाड्याने घेतले. ट्रक तेच, ड्रायव्हर बरेचसे तेच, चाकण ते न्हावा शेवा हा रस्ताही तोच. फक्त डिझेलचं बिल आता कंत्राटदाराच्या नावावर यायला लागलं. पुढच्या वर्षीच्या अहवालात स्कोप १ चा आलेख झपकन खाली आला आणि त्या पानावर हिरवं पान छापलं गेलं. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. पण गंमत अशी की यात खोटं काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे ते डिझेल आता स्कोप ३ मध्ये जातं. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना जो शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यात स्कोप १ आणि २ आवश्यक माहितीत येतात, स्कोप ३ ऐच्छिक माहितीत. तेल ज्या वांग्यावर गेलं, ते वांगं ताटात वाढायची सक्तीच नव्हती.

प्रत्येक आकडा खरा आणि तरीही वाचणाऱ्याची समजूत खोटी, याला काय म्हणायचं? माझ्या एका वरिष्ठांचं उत्तर होतं, ‘अकाउंटिंगनुसार बरोबर आहे.’ मला वाटतं, प्रश्न त्या वाक्यातल्या ‘अकाउंटिंग’ या शब्दातच आहे. आपण धुराचा हिशोब पैशाच्या हिशोबासारखा करायला गेलो. पैशाच्या हिशोबात मालकी बदलली की जबाबदारी बदलते. ट्रक विकला की विषय संपला. धुराच्या बाबतीत तो संपतो का?

स्कोप ३ वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे मूर्ख नसतात. एकच टन अनेकदा मोजला जातो, असं ते म्हणतात. चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा जळला, तो महानिर्मितीचा स्कोप १. तीच वीज भोसरीतल्या वर्कशॉपने वापरली, की त्याचा स्कोप २. त्या वर्कशॉपचा पार्ट मोटार कंपनीने घेतला, की तिचा स्कोप ३. एक टन, तीन वह्या. चार्टर्ड अकाउंटंटला हे ऐकून घाम फुटतो. एकच रुपया तिघांच्या खिशात दाखवला तर त्याला घोटाळा म्हणतात.

पण गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे आठवा. खिडक्यांच्या काचा थरथरतात, शेजारच्या आजोबांना छातीत धडधडतं. आवाज कुणाचा? मंडळ म्हणतं, आम्ही फक्त सुपारी दिली. डीजेवाला म्हणतो, त्यांनी सांगितलं तेवढा वाढवला. वर्गणी देणारे भाऊ म्हणतात, मी तर फक्त पैसे दिले. यातल्या कुणाही एकाने ‘नाही’ म्हटलं असतं, तर ती रात्र शांत गेली असती. म्हणून आवाजाचा एक तृतीयांश मंडळाला, एक तृतीयांश डीजेवाल्याला अशी वाटणी आपण करत नाही. पूर्ण आवाज तिघांच्याही नावावर लागतो. आणि तो तिघांच्या नावावर लिहिला म्हणून डेसिबल तिप्पट होत नाहीत.

मला वाटतं, इथे दोन वेगळे प्रश्न एकाच वहीत कोंबले गेलेत. धूर किती, हा एक प्रश्न. त्यासाठी प्रत्येक टन एकदाच मोजायला हवा, आणि सगळ्यांचे फक्त स्कोप १ जोडले तर तो एकदाच मोजला जातो. हा धूर कोण थांबवू शकलं असतं, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर अनेक नावांचं असू शकतं, किंबहुना असतंच. पहिल्या प्रश्नाचा नियम दुसऱ्याला लावून ‘डबल काउंटिंग, म्हणून स्कोप ३ निरर्थक’ असं म्हणणं मला पटत नाही. तेल कंपनीचं बघा. तुमच्या स्कूटीत जळणारं पेट्रोल हे तिच्या स्कोप ३ चा अकरावा प्रकार, विकलेल्या वस्तूंचा वापर. तिच्या धंद्यातला सर्वांत मोठा धूर तोच. २००४ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने लोकांना स्वतःचा कार्बन फूटप्रिंट मोजायला शिकवणारी मोहीम चालवली आणि तो शब्द घरोघरी पोचला. स्कूटी चालवणारीची जबाबदारी आहेच. पण तिच्या नावावर लिहिलं म्हणून कंपनीच्या नावावरचं खोडलं जात नाही, एवढं त्या मोहिमेत कुणी सांगितलं नाही.

इथवर मी स्कोप ३ ची वकील झाले. आता त्याची दुसरी बाजू, जी मला जास्त छळते.

मोठी कंपनी स्कोप ३ मोजायचं ठरवते तेव्हा खालच्या पुरवठादारांना एक्सेल शीट जातं. भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एका काकांकडे मी असंच शीट घेऊन गेले होते. आठ कामगार, विजेवरची एक जुनी भट्टी. ‘अहो मॅडम, लाईट बिल आहे ना, हे घ्या बारा महिन्यांचं. हे बाकीचे रकाने कोण भरणार?’ भट्टीचं अस्तर झिजलेलं, उष्णता बाहेर जाते, वीज जास्त लागते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अस्तर बदलायला पैसे लागतात, आणि मोटार कंपनीकडून दरवर्षी पत्र येतं ते पार्टमागे दर कमी करण्याचं.

त्यात पुरवठादारांकडून माहिती मिळाली नाही, की कंपन्या सोपी पद्धत वापरतात. खरेदीवर किती रुपये खर्च झाले ते बघायचं आणि रुपयामागे ठरावीक धूर धरायचा. नियमावलीला ही पद्धत चालते. याचा अर्थ असा, की घासाघीस करून काकांचा दर पाच टक्क्यांनी पाडला, तर कंपनीचा तेवढ्या खरेदीचा धूरही कागदावर पाच टक्क्यांनी पडतो. भट्टी तेवढीच गळते. उलट काकांनी अस्तर बदललं आणि दर थोडा वाढवून मागितला, तर कागदावर धूर वाढतो. कमी पैसे देणं हेच पर्यावरणाचं काम ठरतं. मी पहिल्यांदा हे शीटवर करून पाहिलं तेव्हा सूत्र चुकलंय असं वाटून पुन्हा तपासलं. सूत्र बरोबर होतं.

स्कोप २ मध्येही अशीच एक वाट आहे. कारखाना ग्रिडची वीज वापरतो आणि कुठल्या तरी पवनचक्की किंवा सौर प्रकल्पाची प्रमाणपत्रं विकत घेतो. एक प्रमाणपत्र म्हणजे हजार युनिट. मग त्या युनिटांचा धूर शून्य लिहिता येतो. २०१५ पासून नियमावली सांगते की दोन्ही आकडे द्या, प्रत्यक्ष ग्रिडचा आणि प्रमाणपत्रांनंतरचा. जाहिरातीत कुठला येतो ते तुम्ही ओळखलं असेलच. पवनचक्कीला पैसे मिळाले तर मिळू देत, त्यात वाईट काही नाही. पण रात्री दोनच्या शिफ्टला सूर्य नसतो. तेव्हा २९२० मेगावॅटच्या चंद्रपूरसारख्या केंद्रात कोळसाच जळत असतो आणि राख पडते ती तिथल्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. हवामानाच्या दृष्टीने टन कुठेही सोडला तरी सारखाच. राखेच्या दृष्टीने नाही, आणि राखेला माझ्या शीटमध्ये रकाना नाही.

त्यामुळे हल्ली कुठलाही अहवाल हातात आला की मी आलेखाआधी तीन गोष्टी शोधते: या वर्षात काय विकलं, काय बाहेर कंत्राटाने दिलं आणि पुरवठादारांचे आकडे बिलांवरून आले की रुपयांवरून. डिलिव्हरीच्या खोक्यावर ‘कार्बन न्यूट्रल’ दिसलं, तर तुम्हीही कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन शोधून बघा. दहा मिनिटं लागतात.

काकांच्या शीटमध्ये सगळ्यात शेवटी ‘इतर शेरा’ असा रकाना होता. सहसा तो कुणी भरत नाही. त्यांनी माझ्याकडून पेन मागून प्रिंटवरच लिहिलं, ‘दर दोन रुपये वाढवा, सहा महिन्यांत अस्तर बदलतो.’ मी ते जसंच्या तसं टाइप करून वर पाठवलं. त्या ओळीला गुणायला माझ्याकडे कुठलाच आकडा नव्हता, आणि छापील अहवालात शेऱ्यांचा रकाना घेत नाहीत.