न वाजताही तापणारं यंत्र

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घरांत रेडिओचं बटण फिरवलं की आवाज लगेच येत नसे. आधी आतले व्हॉल्व्ह तापायचे, पेटी कोमट व्हायची आणि मग निवेदकाचा आवाज उमटायचा. ज्या मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यातच होता, त्याचीही हीच रीत. व्हॉल्व्हमधला धातू शेकडो अंश तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून उष्णता ही आवाजाची पूर्वअटच होती.

आज गोखले रोड, राम मारुती रोडच्या आसपासच्या फ्लॅटमध्ये ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर आहेत. तरी चांगल्या अँप्लिफायरवर हात ठेवला की ऊब लागतेच, आणि घरातलं कोणीतरी विचारतं, ‘काही वाजत नाहीये, मग हे तापतं कशाला?’

हा प्रश्न विजेचा आहे, तितकाच कर्माचाही.

गीतेचा चौथा अध्याय अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हणतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांतही कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा विचार मोठी जागा घेतो. वरून स्वस्थ दिसणारं आतून स्वस्थ असतंच असं नाही, हे ‘क्लास ए’ अँप्लिफायर हाताला जाणवून देतो. त्यातून प्रवाह अखंड वाहतो. त्याची कार्यक्षमता आदर्श स्थितीतही ५० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे २० वॅट आवाजासाठी किमान ४० वॅट वीज सतत खर्च होते, आणि शांततेत त्या सगळ्या ४० वॅटची उष्णता होते. संगीत मोठ्याने सुरू झालं की त्यातली थोडी वीज स्पीकरकडे जाते आणि यंत्र उलट किंचित कमी तापतं!

घरोघरी दिसणारा ‘क्लास एबी’ मधला मार्ग काढतो. त्यातले दोन ट्रान्झिस्टर ध्वनिलहरीचा वरचा आणि खालचा भाग वाटून घेतात. दोघेही पूर्ण झोपले, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना आवाज फाटतो. सतारीची विरत जाणारी मींड अशा वेळी सर्वांत आधी बिघडते. म्हणून दोघांना थोड्या प्रवाहावर जागं ठेवतात. गवई थांबला तरी तानपुरा चालू राहतो, तसंच हे.

गीतेचाच अठरावा अध्याय सांगतो की अग्नीला धूर, तसा प्रत्येक आरंभाला दोष चिकटलेलाच असतो. म्हणून सहज कर्म सोडू नये. मात्र हे वचन बेपर्वाईची सबब नाही. ‘क्लास डी’ अँप्लिफायर ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठतात. त्यांचाही धूर शून्य होत नाही, पण पुष्कळ कमी होतो. सूक्ष्म स्वर जपण्यासाठी लागणारी ऊब ही कर्माची रास्त किंमत. बंद शोकेसमध्ये कोंडून, वर विणलेला रुमाल घालून वाढवलेली उष्णता मात्र माणसाच्या हलगर्जीपणाची.

तेव्हा यंत्राच्या वर आणि मागे हवेला जागा ठेवावी, हीटसिंक झाकू नये. हात टेकवता येईल इतकी ऊब असेल तर घाबरण्याचं कारण नाही. जळका वास आला किंवा नेहमीपेक्षा जास्त तापलं, तर बंद करून जाणकाराला दाखवावं. आणि ऐकणं संपलं की ‘क्लास ए’ यंत्राचा स्विच आठवणीने बंद करावा, कारण ते गप्प असतानाच सर्वांत जास्त तापतं.