आधी पत्र, मग कादंबरी

ताम्रपर्णी नदीच्या काठी कोवाड नावाचं गाव आहे. तिथल्या इनामदार घराण्यात 1928 साली एक मुलगा जन्मला. मोठा होऊन तो गोष्टी लिहू लागला. चित्रपटांच्या पटकथाही त्याने लिहिल्या, पण त्याचा जीव रमला तो इतिहासात.

सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं मिळालेला आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेलेला माधवराव त्याने 'स्वामी' कादंबरीत उभा केला. घरोघरी ती वाचली गेली. लोक माधवरावासाठी रडले, त्याच्या बायकोसाठी, रमेसाठी रडले. 1964 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार आला. एवढं यश पदरात पडल्यावर आता कुणाला काय विचारायचं, असं माणसाला सहज वाटू शकतं.

मग त्याने शिवाजी महाराजांवर लिहायचं मनावर घेतलं.

नांदेडला एक प्राध्यापक होते. कादंबरीकाराहून चार वर्षांनी लहान, बोलायला रोखठोक. तुम्हाला महाराज कसे दिसतात, असं त्याने त्यांना विचारलं.

उत्तर म्हणून आलं ते लांबलचक पत्र. त्यात आरती नव्हती. पुराव्यांची झाडाझडती होती. महाराजांचं मोठेपण नुसत्या लढायांत शोधून भागणार नाही, असा त्याचा रोख होता. महाराज 1680 साली गेले. पुढच्याच वर्षी औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि 1707 साली अहमदनगरला मेला. तोवर इथली माणसं लढत राहिली. राजा उरला नाही, तरी ही साधी माणसं कशासाठी लढली? महाराज लिहायचे, तर या प्रश्नाला टाळून कसं चालेल?

असं पत्र खणात ठेवून देता आलं असतं. हवं तेवढं घेऊन बाकीचं विसरताही आलं असतं. कादंबरीकाराने ते महाराजांवरच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं.

कादंबरीकार होते रणजित देसाई, आणि प्राध्यापक नरहर कुरुंदकर. देसाईंच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. आपलं लेखन ज्या मापाने तपासलं जाईल, ते माप त्यांनी आपण होऊन वाचकाच्या हाती दिलं.

आजही ते जाडजूड पुस्तक उघडावं, तर शिवनेरीच्या आधी नांदेडच्या प्राध्यापकांचं पत्र लागतं.