विवेकाची मुदत

महाभारताच्या वनपर्वात, सरोवराच्या काठी निश्चेष्ट पडलेल्या आपल्या चार भावांसमोर उभ्या असलेल्या युधिष्ठिराला यक्षाने जे प्रश्न घातले, त्यांत सुखी कोण हाही एक प्रश्न होता. आणि ज्याच्या शिरावर कोणाचे ऋण नाही, ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही, आणि दिवस कलल्यावर का होईना, जो स्वतःच्या घरी नुसती भाजी शिजवून खातो तो सुखी, अशा आशयाचे उत्तर त्या धर्मराजाने दिले. राज्य गमावलेल्या आणि अरण्यात कंदमुळांवर दिवस कंठणाऱ्या पुरुषाचे हे उत्तर आहे. त्याने अन्न आणि ऋण यांना एकाच श्वासात एकत्र आणले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण ऋण काढून तूप पिण्याचा जो उपदेश चार्वाकांच्या नावावर मांडला जातो, तोही याच दोन गोष्टींना एकत्र आणतो. (तो उपदेश त्यांच्या प्रतिपक्षाच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत पोचला आहे, हे त्यांच्यावरील न्यायासाठी नमूद केले पाहिजे.) मनुष्याच्या स्वातंत्र्याची कसोटी त्याच्या ताटात आणि त्याच्या देण्यात लागते, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत दिसते.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. अन्नाची निंदा आपल्या परंपरेने केलेली नाही. तैत्तिरीय उपनिषदाने अन्न विपुल करण्याचा आदेश व्रत म्हणून दिला आहे, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन करणाऱ्याबरोबरच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साध्य होत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या ज्या माणसांनी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांवर मुले जगवली, त्यांच्या नातवंडांच्या ताटात आज चार पदार्थ अधिक आले, तर त्यांना संयमाचे प्रवचन ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. विपुलतेबद्दल माझी तक्रार नाही. भुकेची आणि गरजेची मर्यादा ओलांडायला लावणे हाच ज्या उद्योगाचा व्यवसाय झाला आहे, त्याच्या धर्माधर्माचा निर्णय मला करावयाचा आहे.

आपल्या नीतिविचारात वासना ही आतून उठणारी गोष्ट मानली गेली आणि तिच्याशी झुंजण्याचा भारही स्वाभाविकपणे ज्याची वासना त्याच्यावरच टाकला गेला. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो, की श्रेय आणि प्रेय ही दोन्ही मनुष्यापुढे येतात आणि धीर पुरुष त्यांची नीट पारख करून श्रेयाचा स्वीकार करतो. या पारखीला अवकाश लागतो, आणि तो अवकाश जुन्या जीवनक्रमात आपोआप मिळत असे. वस्तू घ्यावयाची तर बाजारापर्यंत जावे लागे, गाठीचे पैसे मोजावे लागत, ते नसल्यास सावकाराच्या ओट्यावर जाऊन तोंड उघडावे लागे. त्या पायपिटीत, त्या मोजणीत आणि त्या संकोचात पुष्कळशा इच्छा आपसूक विरून जात. भूक लागेपर्यंत थांबणे आणि पैसा साठेपर्यंत थांबणे ही दोन व्रते कोणी न सांगताच पाळली जात होती. इच्छा आणि भोग यांच्यामधील हा काळ पुसून टाकणे, हे आजच्या विक्रीशास्त्राचे खरे कार्य आहे.

या शास्त्राची एक प्रसिद्ध घटना सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० रहिवाशांना, त्यांनी मागितली नसताना, क्रेडिट कार्डे टपालाने घरपोच धाडली. कर्जासाठी अर्ज करणे, कारण सांगणे, उत्तराची वाट पाहणे हे सारे सोपस्कार त्या एका लिफाफ्याने निकालात काढले. अशा न मागितलेल्या कार्डांवर अमेरिकेत १९७० साली बंदी आली. परंतु तोवर ती रीत रुळली होती, आणि त्याच फ्रेस्नोच्या कार्डातून पुढे व्हिसा ही जगभर पसरलेली व्यवस्था उभी राहिली. योगायोग असा, की १९५८ याच वर्षी गॅलब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाचा 'द ॲफ्लुएंट सोसायटी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जे उत्पादन गरजा भागवते तेच जर त्या गरजा निर्माणही करीत असेल, तर गरजेच्या तातडीचा हवाला देऊन त्या उत्पादनाचे समर्थन करता येत नाही, असे त्याचे मर्मग्राही प्रतिपादन होते. पुढे हेच गृहस्थ अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत राहून गेले. आपल्या धोरणकर्त्यांनी त्यांचा सहवास अनुभवला, पण त्यांचा हा इशारा मात्र मनावर घेतल्याचे दिसत नाही.

आपल्याकडे हा व्यापार कोणत्या रूपात आला ते पाहण्यास दूर जावे लागत नाही. अक्षय्य तृतीया हा पितरांच्या स्मरणाचा आणि उदककुंभाच्या दानाचा दिवस. त्या दिवशी काही खरेदी न करणे हेच आता अशुभ वाटावे, अशी जाहिरातींची योजना आहे. उपवासाच्या दिवशी खाण्याच्या पदार्थांची रंगीत पाकिटे वाण्याच्या दुकानापासून रेल्वेच्या फलाटापर्यंत टांगलेली असतात, आणि ज्या दिवशी जिभेला विश्रांती द्यावयाची त्याच दिवशी तिच्यापुढे विशेष पंगत मांडली जाते. मीठ, साखर आणि तेल यांचे प्रमाण प्रयोगशाळेत असे जुळवले जाते, की पोट भरल्याची जाणीव हाताला वेळेवर पोचूच नये; आणि पाच रुपयांच्या पुडीत ते भरले, की मजुराच्या मुलालाही ते दुर्लभ राहत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. एकाच देशात, पुष्कळदा एकाच वस्तीत, ही दोन दुःखे शेजारी नांदतात. याचा अर्थ अन्न कमी पडले असा होत नाही, ज्या अन्नाने शरीर उभे राहते त्यावर नफा थोडा, एवढाच होतो.

कर्जाची पुडीही अशीच लहान केलेली आहे. मोबाईलवर वस्तूच्या किमतीपेक्षा मासिक हप्ता ठळक अक्षरांत दिसतो. बिनव्याजी हप्त्यांची ग्वाही दिली जाते, जरी रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. कार्डाच्या मासिक पत्रकात किमान देय रक्कम म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. तेवढा भरला म्हणजे आपण सचोटीने देणे फेडीत आहोत असे ऋणकोस वाटते, आणि उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांत दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाकाठी चाळीस टक्क्यांहून अधिक, व्याज चढत राहते. खतावणी आपल्यासमोर लिहिणारा सावकार निदान डोळ्यांना दिसत असे.

त्या सावकाराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी रयतेने सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या, त्यामागे दीर्घ इतिहास होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात दख्खनच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि सावकारांनी पैसा सढळ हाताने दिला. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारने जमिनीचा सारा वाढवला, आणि तोच सढळ हात एकाएकी आखडून वसुलीस आणि जप्तीस सरसावला. रयतेची पत वाढवली गेली ती तिच्या गरजेकडे पाहून नव्हे, कापसाच्या भावाकडे पाहून; आणि आज कर्जाची मर्यादा वाढवून दिल्याचा जो शुभसंदेश एखाद्या कारकुनास रात्री मोबाईलवर येतो, त्यातही त्याच्या गरजेचा विचार यत्किंचितही केलेला नसतो.

मग दोष कोणाचा? खाणारा खातो, घेणारा घेतो, कोणी त्याचा हात धरलेला नाही, असे उत्तर विक्रेत्यांकडून नेहमी येते, आणि खेदाची गोष्ट अशी की आपले कीर्तनकार आणि प्रवचनकारही बहुधा हेच उत्तर वेगळ्या शब्दांत देतात. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी, ज्या वस्तूची गरज नाही ती घेणे हीदेखील चोरीच होय, अशी अस्तेयाची सूक्ष्म व्याख्या केली आणि अन्न औषधासारखे घ्यावे असे अस्वादव्रत सांगितले. अस्वादाचा हा आदर्श गृहस्थाला पेलणारा नाही असे माझे नम्र मत आहे. सणाच्या दिवशी आईच्या हातची पुरणपोळी आवडीने खाण्यात मला काही उणे दिसत नाही. परंतु अस्तेयाची ती व्याख्या एकदा मान्य केली, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: अनावश्यक वस्तू घेणारा जर चोर, तर ती आवश्यक भासावी यासाठी आपली सारी बुद्धी, कला आणि धन वेचणारा कोण?

याचे उत्तर पतंजलीने देऊन ठेवले आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे त्याने कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार केले: स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला आणि संमती दिलेला. जैन आचारधर्मातही हीच त्रयी आहे. जो करवितो त्याच्या पदरी दोष पडतो, आणि करणाऱ्याने तो स्वेच्छेने केला एवढ्याने करविणारा मुक्त होत नाही. संयमाचा आपला सारा उपदेश कृताच्या एका कोपऱ्यात अडकून पडला, आणि कारिताचा विचार आपण केलाच नाही, हे मला आपल्या आधुनिक धर्मचिंतनाचे मोठे वैगुण्य वाटते. ज्यांच्या घरी महाजनकी होती त्या तुकोबांनी कुळांच्या कर्जखतांतील आपला हिस्सा इंद्रायणीत बुडवला, अशी परंपरा आहे; संयम तेथे धनकोने पाळला.

मोठ्या संताकडून जे घडले ते सर्वांकडून घडण्याची वाट पाहत बसता येत नाही, म्हणूनच कायदा लागतो. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राने धनकोवर घातला होता. दख्खनच्या दंग्यानंतर झालेल्या १८७९ च्या कायद्याने रोख्यामागचा व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार न्यायालयास दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जांसाठी ऋणकोला विचार बदलून, दंड न भरता, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून मोकळे होण्याची मुदत दिली. विवेकाला हरवलेला अवकाश कायद्याने परत मिळवून देण्याचा हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, मीठ किंवा चरबी अधिक असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के मारावे लागतात, त्यामागील तत्त्वही हेच. आपल्याकडे जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या कार्यक्रमांत आणि केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये अशा निःसत्त्व खाद्यांच्या जाहिरातींस मनाई केली. परंतु मूल आता मुलांच्या वाहिनीपुढे फारसे बसतच नाही. ते आजीच्या मांडीवर बसून आजीच्या मोबाईलमध्ये पाहते, जेथे कार्यक्रम कोणाचा आणि प्रेक्षक कोण याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही, आणि त्याच पडद्यावर, एका बोटाच्या अंतरावर, आजीच्या नावे मंजूर झालेले कर्जही तयार असते.