कान्होजींचे दस्तक

२००७ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या हॉलिवूड मालिकेतला तिसरा चित्रपट आला. त्यात जगभरच्या समुद्री चाच्यांचे म्होरके एका सभेला जमतात आणि हिंदी महासागराचा म्होरक्या म्हणून ‘श्री सुंभाजी आंग्रिया’ नावाचे पात्र तिथे हजर असते. हे नाव घेतले आहे कान्होजी आंग्रे यांचे पुत्र संभाजी यांच्यावरून. इंटरनेटवर मुलांसाठी केलेल्या ‘जगातले प्रसिद्ध चाचे’ छापाच्या याद्यांतही खुद्द कान्होजी अधूनमधून भेटतात. हर्णैच्या किनाऱ्यावरून रोज सुवर्णदुर्ग पाहणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइलमधून ही ओळख पोचते. आपल्याकडची उत्तरे तरी कुठे पुरी पडतात? ‘थोर आरमारप्रमुख, इंग्रजांचा कर्दनकाळ’ एवढ्यावर धडा संपतो. माणूस नेमका काय करत होता, हे मुलाला दोन्हीकडून कळत नाही.

कान्होजी समुद्रावर कर वसूल करत होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताने त्यांचे दस्तक (परवाना) घ्यायचे, त्याचे पैसे भरायचे. दस्तक नसेल तर जहाज पकडले जाई. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून या समुद्रात आपला परवाना सक्तीचा केला होता आणि त्याविना फिरणारी जहाजे ते जप्त करत. इंग्रज कंपनीही आपले परवाने देत असे. मुलाला हे सहज समजते: नाका एकच, त्यावर बसायचा हक्क कोणाचा यावरून भांडण.

या किनाऱ्यावर चाचे होतेच. रोमन काळापासून परक्या प्रवाशांनी त्यांच्याविषयी तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. पण आंग्र्यांच्या वाट्याला जी चाचेगिरी आली, तिचे मूळ १६९५ मध्ये सापडते. त्या वर्षी हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले. औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले. इंग्रज म्हणजेच चाचे, असा समज दरबारात पक्का झाला. चाच्यांना पकडायला राजाच्या परवान्याने निघालेला कॅप्टन किड स्वतःच चाचेगिरीच्या आरोपावरून १७०१ मध्ये लंडनला फासावर गेला. आपण समुद्राचे रखवालदार आहोत हे दाखवणे कंपनीला आता भाग होते आणि रखवालदाराला चोर लागतोच.

नेमक्या याच काळात मराठ्यांचे आरमार कान्होजींच्या हाती आले. सुवर्णदुर्गावर सिद्दीशी झुंज देऊन वर आलेला हा माणूस कुलाब्यापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा सांभाळू लागला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, व किल्ले यांवर छत्रपतींची मोहोर उमटली. इथपर्यंत फारसा वाद नाही.

वाद आहे तो त्याच वर्षीच्या दुसऱ्या करारावर आणि तिथेच बहुतेक लेखक चुकतात. १७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या गुराबांनी, म्हणजे लढाऊ जहाजांनी, कारवारहून मुंबईला निघालेले गव्हर्नरचे जहाज पकडले. कारवार वखारीचा प्रमुख चाऊन त्या चकमकीत मारला गेला, त्याची पत्नी कैद झाली. ही हकिगत इंग्रजी पुस्तकांत रंगवून येते, चाचेपणाचा पुरावा म्हणून. पुढे काय झाले ते मात्र घाईने उरकले जाते. १७१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने ३०,००० रुपये खंडणी देऊन चाऊनच्या पत्नीला सोडवले आणि कान्होजींशी तह केला: इंग्रजी निशाणाच्या जहाजांना त्यांनी हात लावायचा नाही. कंपनीने समोर बसून कलमे ठरवली, ती दर्यावर सत्ता असलेल्या माणसाशी. मग चारच वर्षांत तो चाचा कसा झाला?

त्याचे कारण ‘इंग्रजी जहाज’ कशाला म्हणायचे या प्रश्नात आहे. हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी संरक्षणाखाली जाऊ लागला. कंपनीच्या मते तो माल तहात बसत होता. कान्होजींच्या मते व्यापारी इथला, माल इथला, तेव्हा दस्तक त्यांचेच हवे. हा जकातीचा तंटा होता. मुंबईचा गव्हर्नर बून याने तो तोफांनी सोडवायचे ठरवले: १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. तिन्ही वेळा हात हलवत परतावे लागले. १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाचे आरमार मादागास्करच्या चाच्यांसाठी म्हणून आले आणि पोर्तुगीजांना जोडीला घेऊन कुलाब्यावर चालून गेले. तेही फसले. मादागास्करचे दर्यालुटारू आणि शाहूंचा सरखेल एकाच मोहिमेत बसवले गेले, ते या टप्प्यावर. पुढच्या गव्हर्नरने, फिप्सने, परक्याच्या मालाचा लोभ धरल्याचा ठपका पत्रातून ठेवला, तेव्हा व्यापारीही त्या लोभातून सुटलेले नाहीत, असे कान्होजींनी त्याला सुनावले. ४ जुलै १७२९ रोजी ते वारले, तोवर त्यांचा एकही महत्त्वाचा जलदुर्ग इंग्रजांच्या हाती पडला नव्हता.

मुलांना हे सांगताना आपली अवघड बाजूही लपवू नये. दस्तक न घेणाऱ्या देशी व्यापाऱ्यांनाही कान्होजींच्या गलबतांनी लुबाडले आहे. आणि आंग्र्यांचे आरमार संपले, ते इंग्रजांच्या एकट्याच्या बळावर नव्हे. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्याशी बिनसलेल्या पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गात आंग्र्यांची जहाजे जाळली. सापडलेली दौलत इंग्रज सैन्यानेच आपसात वाटून घेतली. सोबत आलेल्या मराठ्यांना त्यातले काही मिळाले नाही. जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला आणि त्याला नाव दिले ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. तिथे मुलांसाठी माहितीफलक लागतील तेव्हा त्यांवर १७१३ चा तह आणि दस्तकाचा तंटा यायला हवा, आणि १७५५ साली इंग्रजांबरोबर कोण होते, तेही.