आधी गाव कोणी सोडले?

रत्नागिरीकडील एखाद्या गावी शिमग्याच्या पालखीला खांदा द्यायला माणसे अपुरी पडली, की सभामंडपात एक आरोप हमखास ऐकू येतो: मुले मुंबईस गेली, त्यांना देवाची नि मातीची चाड उरली नाही. या आरोपाची छाननी करावी असे आम्हांस वाटते. कारण आरोपी गैरहजर आणि निकाल मात्र तयार, असा हा खटला आहे.

कोकण रेल्वे 1998 साली रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत अखंड धावू लागली. गाडी आली की गावे नांदती होतील, अशी आशा होती. परंतु 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली असता रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. 2011 साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. गेले कोण आणि मागे राहिले कोण, हे या एका आकड्यात वाचता येते.

दोष रेल्वेला देणे सोपे, पण न्याय्य नव्हे. कोकणी माणूस आगबोटीनेही मुंबईस जातच होता. रेल्वेने मुंबई एका रात्रीवर आणली. तालुक्याचे इस्पितळ मात्र होते तेथेच राहिले. आडबाजूच्या वाडीवरून अडलेली बाळंतीण रात्री तेथे न्यायची, तर शेवटची एस.टी. केव्हाच गेलेली असते. ज्या रस्त्याने मुलगा नोकरीस जातो त्याच रस्त्याने डॉक्टर आणि मास्तर गावात येत नसतील, तर तो रस्ता फक्त जाण्याचाच म्हणावा लागेल.

घटनेच्या 19 व्या कलमाने नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. आपल्याच गावी राहणे त्यात आलेच, असे कोणी म्हणेल. शब्दार्थाने ते खरे. परंतु 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जबरदस्तीने मिळविलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. मग आजारी आईच्या उशाशी बसून मुलाने घेतलेला गाव सोडण्याचा निर्णय कितपत स्वखुशीचा? त्या कायद्यातील जबरदस्तीच्या व्याख्येत बंद दवाखाना बसत नाही, हे आम्ही जाणतो. नीतीची व्याख्या तितकी अरुंद असण्याचे कारण नाही.

विद्येसाठी वा हौसेने जाणाऱ्यास अडविण्याचा अधिकार कोणास नाही, देवस्थानासही नाही. आमचा प्रश्न राहू इच्छिणाऱ्यांचा आहे. चतुर्थीला हेच 'चाड नसलेले' लोक गाडीत रात्रभर उभे राहून गावी येतात. त्यांच्यापुढे वर्गणीची वही धरण्यापूर्वी पंचांनी एवढे विचारावे, की तुम्ही निघालात तेव्हा जवळचा दवाखाना किती कोसांवर होता?